‘प्लस पाच’ म्हणजे नेमके किती? फासे, कौशल्य आणि पात्रांमधला फरक

परदेशात वाढणारी मुलं घरात असतील तर ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव तुमच्या कानावर आलंच असेल. शाळेच्या क्लबात, वाचनालयात किंवा तुमच्याच डायनिंग टेबलाभोवती चार-पाच मुलं कागद, पेन्सिल आणि चित्रविचित्र आकाराचे फासे घेऊन बसतात. मग तीन-चार तास जेवायला हाका मारून काही उपयोग नसतो. कदाचित तुम्ही स्वतःच त्या टेबलाशी बसणाऱ्यांपैकी असाल. आजचा लेख दोघांसाठी आहे, कारण त्या कागदावरच्या एका छोट्या आकड्यात संख्याशास्त्रातला एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न दडलेला आहे.

तो आकडा म्हणजे स्किल बोनस. ‘इतिहास +५’, ‘लपणे +७’, ‘पोहणे ०’. माझं पात्र विद्वान आहे आणि तुझं पात्र दांडगट आहे, हे खेळाच्या नियमांना या आकड्यांवरूनच कळतं. आता प्रश्न असा, की हा आकडा किती मोठा असला म्हणजे दोन पात्रं खरोखर वेगळी ठरतात? कागदावर वेगळी दिसणं सोपं आहे. टेबलावर, दान पडल्यावर, ती वेगळी वागतात का?

आधी खेळ, थोडक्यात

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. प्रत्येक खेळाडू एक काल्पनिक पात्र घेतो: कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. एक जण सूत्रधार असतो, त्याला डंजन मास्टर म्हणतात. तो प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि ज्या कृतीचा निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकतात.

मुख्य फासा वीस बाजूंचा. त्यावर १ ते २० यांपैकी कोणताही आकडा सारख्याच शक्यतेनं येतो. पडलेल्या दानात आपला बोनस मिळवायचा आणि बेरीज सूत्रधारानं ठरवलेल्या लक्ष्याइतकी किंवा त्याहून जास्त झाली, तर काम फत्ते. खेळाच्या २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत सोप्या कामाचं लक्ष्य १०, मध्यम कामाचं १५ आणि कठीण कामाचं २० धरलं जातं.

बोनस दोन ठिकाणांहून येतो. पहिलं, पात्राची नैसर्गिक क्षमता: बुद्धी, ताकद, चपळाई वगैरे. बुद्धी १६ असेल तर तिचे +३ मिळतात, बुद्धी १० म्हणजे साधारण माणसाची, तिचे शून्य. दुसरं, प्रशिक्षण. ते कौशल्य तुमच्या पात्रानं शिकलेलं असेल तर पहिल्या पातळीला +२ मिळतात आणि सतराव्या पातळीपर्यंत ते हळूहळू +६ होतात. म्हणजे बुद्धिमान आणि शिकलेला नवा जादूगार इतिहासात ३ अधिक २ असा +५ वर असतो. ज्यानं पुस्तक हातात धरलेलं नाही तो साधारण बुद्धीचा योद्धा शून्यावर.

चार नवखे आणि एक पंडित

समजा, पाच जणांची टोळी एका पडक्या देवळात शिरली आहे. भिंतीवर जुन्या लिपीतला शिलालेख आहे. तो कुठल्या राजाचा हे ओळखायचं आहे. लक्ष्य १५.

जादूगाराला +५ आहे, म्हणजे त्याला १० किंवा त्याहून मोठं दान हवं. वीसपैकी अकरा दानं चालतात: ५५ टक्के. बाकीच्या प्रत्येकाला १५ किंवा वर हवं. वीसपैकी सहा दानं: ३० टक्के. एकास एक पाहिलं तर फरक बरा दिसतो. पंडित जवळजवळ दुप्पट वेळा यशस्वी होतो.

पण टेबलावर काय घडतं ते पाहा. जादूगाराचं दान वाईट पडतं. लगेच योद्धा म्हणतो, “मी पण बघू का?” मग चोर, मग पुजारी, मग धनुर्धारी. चौघांनीही फासा टाकला, तर चौघेही अपयशी ठरण्याची शक्यता ०.७ चा चौथा घात, म्हणजे सुमारे २४ टक्के. याचा अर्थ चार नवख्यांपैकी किमान एकाला शिलालेख कळण्याची शक्यता ७६ टक्के आहे. पंडिताची होती ५५.

आता दोन्ही एकत्र करू. पंडित चुकला आणि कुणीतरी नवखा बरोबर निघाला, असं होण्याची शक्यता ०.४५ गुणिले ०.७६, म्हणजे सुमारे ३४ टक्के. तीन शिलालेखांपैकी एक असा निघतो की ज्या पात्रानं आयुष्य ग्रंथालयात घालवलं त्याला तो कळत नाही आणि कुऱ्हाड घेऊन फिरणारा सहज वाचून दाखवतो.

पहिल्यांदा सगळे हसतात. तिसऱ्यांदा जादूगाराचा खेळाडू हसत नाही. त्यानं पात्र बनवताना ताकद, चिलखत, तलवार हे सगळं सोडून ज्ञान निवडलं होतं. त्या निवडीची किंमत त्यानं दर लढाईत मोजली आहे. मोबदला मात्र इतरांना फुकट मिळतो आहे. “माझं पात्र काही कामाचं नाही” असं एखादं मूल घरी येऊन म्हणालं, तर ते रडकं आहे असं समजू नका. त्याची तक्रार गणितात बसते.

सिग्नल आणि गोंधळ

माझा दिवस मोजमापांमधून खरा संकेत वेगळा काढण्यात जातो, त्यामुळे हा प्रश्न मला प्रयोगशाळेतला वाटतो. कुठल्याही मोजमापात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात: आपल्याला हवा असलेला संकेत, म्हणजे सिग्नल, आणि योगायोगाची चढउतार, म्हणजे नॉइज. इथे बोनस हा सिग्नल आणि फासा हा नॉइज. नुसता सिग्नल किती मोठा आहे हे सांगून काहीच कळत नाही. तो नॉइजच्या मानानं किती मोठा आहे हे सांगावं लागतं.

नॉइज मोजायचं आपलं नेहमीचं माप म्हणजे प्रमाण विचलन: दानं सरासरीपासून साधारणपणे किती दूर पडतात त्याचा अंदाज. वीस बाजूंच्या फाशाची सरासरी १०.५ आणि प्रमाण विचलन सुमारे ५.७७. म्हणजे आपला भारदस्त ‘+५’ हा फाशाच्या एका प्रमाण विचलनाएवढाही नाही. आणि सुरुवातीच्या पातळीला निव्वळ प्रशिक्षणाचे जे +२ मिळतात, ते तर त्याच्या जेमतेम एक तृतीयांश.

हे आकडे अमूर्त वाटत असतील तर वेगळा प्रश्न विचारू. एका अनोळखी माणसाला दोन पात्रांच्या फक्त बेरजा वाचून दाखवल्या, बोनस सांगितला नाही, तर त्यातलं तज्ज्ञ पात्र कोणतं हे त्याला किती दानांनंतर ओळखता येईल? ‘दोन सरासऱ्यांमधला अपेक्षित फरक हा त्या फरकाच्या प्रमाण त्रुटीच्या दुप्पट हवा’ ही ढोबळ कसोटी लावली, तर +५ आणि शून्य यांतला फरक ओळखायला प्रत्येकाची सुमारे ११ दानं लागतात. फरक फक्त +२ चा असेल तर सुमारे ६७.

इतिहासाचं कौशल्य एका संध्याकाळी दोन-तीनदा वापरलं तरी पुष्कळ. म्हणजे +५ दिसायला चार-पाच बैठका, आणि +२ दिसायला पंधरवड्यातून एकदा खेळणाऱ्या टोळीला एखादं वर्ष. तोवर पात्राची जी प्रतिमा टेबलावर तयार होते, ती मुख्यतः फाशानं घडवलेली असते.

बुद्धिबळ खेळणाऱ्यांसाठी आणखी एक माप देते. दोन पात्रं एकमेकांविरुद्ध दान टाकत असतील, एकाला +५ आणि दुसऱ्याला शून्य, तर ४०० संभाव्य जोड्यांपैकी २८० मध्ये तज्ज्ञ जिंकतो, १५ मध्ये बरोबरी होते आणि १०५ मध्ये तो हरतो. जिंकण्याची शक्यता ७० टक्के. बरोबरीला अर्धा गुण धरून हे एलो मानांकनाच्या सूत्रात घातलं, तर दोघांमध्ये सुमारे १६० गुणांचा फरक निघतो. एकाच क्लबातले दोन बरे खेळाडू एवढ्या अंतरावर सहज असतात. पंडित आणि निरक्षर यांच्यात एवढंच अंतर असावं असं आपल्याला वाटत नाही.

पहिला उपाय: फासा बदला

सिग्नल भागिले नॉइज हे गुणोत्तर वाढवायचं असेल तर छेद कमी करता येतो. बोनस तोच ठेवा, फासा बदला.

वीस बाजूंच्या फाशाऐवजी आपले नेहमीचे, सापशिडीतले तीन फासे एकदम टाका आणि बेरीज घ्या. गंमत म्हणजे सरासरी तीच राहते, १०.५. पण तिन्ही फाशांवर एकदम सहा पडणं दुर्मीळ असतं, २१६ मध्ये एकदाच. बहुतेक बेरजा मध्याच्या आसपास गोळा होतात आणि प्रमाण विचलन २.९६ पर्यंत उतरतं, म्हणजे जवळपास निम्मं. स्टीव्ह जॅक्सन यांचा १९८६ सालचा ‘गर्प्स’ हा खेळ याच तीन फाशांवर चालतो. पुढे २००४ साली खुद्द ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या एका पर्यायी नियमांच्या पुस्तकातही ही सोय दिली गेली.

आता तोच शिलालेख, तेच लक्ष्य १५, तीच पाच पात्रं घेऊ.

- वीस बाजूंचा एक फासा: पंडित ५५ टक्के, प्रत्येक नवखा ३० टक्के, चार नवखे मिळून ७६ टक्के.
- साधे तीन फासे: पंडित ६२.५ टक्के, प्रत्येक नवखा ९ टक्के, चार नवखे मिळून ३२ टक्के.

कागदावर एक अक्षरही बदललेलं नाही. पंडित अजूनही +५ आहे, योद्धा अजूनही शून्य. तरी पहिल्या ओळीत चार अनाडी एका पंडिताला भारी पडतात आणि दुसऱ्या ओळीत पंडित चौघांना पुरून उरतो. अनोळखी माणसाला आता तज्ज्ञ ओळखायला ११ च्या जागी साधारण तीनच दानं पुरतात. आमनेसामने झालं तर तज्ज्ञ ७० ऐवजी ८५ टक्के वेळा जिंकतो. एलोच्या भाषेत अंतर १६० वरून सुमारे ३४० वर जातं.

म्हणून कुणी “माझं पात्र +५ आहे” असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न “कुठल्या फाशावर?” हा असायला हवा. १९७७ सालच्या ‘ट्रॅव्हलर’ या अंतराळातल्या खेळात दोनच साधे फासे असतात आणि तिथे +१ सुद्धा जड असतो. ८ किंवा जास्त हवे असतील तर शून्यावर ४२ टक्के, +१ ला ५८ आणि +२ ला ७२ टक्के. वीस बाजूंच्या फाशावर +१ म्हणजे नेमके ५ टक्के. त्याच्या तिप्पट काम इथला +१ करतो.

एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. सपाट फाशावर प्रत्येक +१ ची किंमत सगळीकडे सारखीच असते. तीन फाशांच्या घंटेसारख्या आलेखावर ती जागेनुसार बदलते: मध्याजवळ एका पायरीला १२.५ टक्के, तर कडेला अर्ध्या टक्क्याहून कमी. त्यामुळे आधीच निष्णात असलेल्याला आणखी एका +१ चा फारसा उपयोग नसतो, आणि मध्यम माणसाला तोच +१ मोठा हात देतो. शिकण्याचा आपला अनुभवही पुष्कळदा असाच असतो.

दुसरा उपाय: बोनस वाढवा

छेद कमी करायचा नसेल तर अंश वाढवा. या खेळाच्या इतिहासात तोही प्रयोग झाला आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ साली आला तेव्हा त्यात आजच्यासारखी कौशल्यांची यादी नव्हती. १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत चोर हे पात्र आलं आणि त्याच्यासोबत कुलूप उघडणं, सापळे काढणं, लपणं यांचे टक्के आले. १९८१ च्या ‘कॉल ऑफ क्थुल्हू’ या भयकथांवरच्या खेळानं सगळीच कौशल्यं टक्क्यांत मांडली. तुमच्या पात्राचं ‘ग्रंथालय’ कौशल्य ७० असेल तर शंभरच्या फाशावर ७० किंवा कमी आलं की काम झालं. सरळ हिशेब. आपण किती पाण्यात आहोत ते खेळाडूला कागदावरच दिसतं.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीनं वीस बाजूंचा फासा आणि वाढत जाणारे बोनस यांची सांगड घातली. आपल्या पेशाच्या कौशल्यात पात्र आपली पातळी अधिक ३ इतके गुण घालू शकत होतं. दहाव्या पातळीला १३ गुण, वर क्षमतेचे चार धरले तर +१७. समोरचा न शिकलेला तसाच शून्यावर. आमनेसामने झालं तर तज्ज्ञ ४०० पैकी ३ वेळाच हरतो. आता फरक कुणालाही दिसेल.

पण मग दुसरीच अडचण येते. तज्ज्ञाला थोडं तरी अवघड वाटावं म्हणून सूत्रधार लक्ष्य २५ ठेवतो. तज्ज्ञाला ८ किंवा वर हवं, ६५ टक्के. शून्यवाल्याचं वीस पडलं तरी पाच कमीच. त्याच्यासाठी फासा टाकण्यात अर्थच उरत नाही. आणि लक्ष्य नवख्याच्या आवाक्यातलं ठेवलं, तर तज्ज्ञ डोळे मिटून पार होतो. दोघांनाही अनिश्चित वाटेल असं एकही लक्ष्य सापडेनासं होतं. एक खेळतो, बाकीचे बघतात.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं हे ओळखून बोनस जाणूनबुजून आटोक्यात ठेवले. वीस पातळ्या चढून प्रशिक्षणाचा आकडा +२ वरून +६ वरच जातो. नवखा कधीच पूर्णपणे बाहेर फेकला जात नाही. त्याची किंमत आपण वर पाहिलीच: सुरुवातीला, क्षमता सारख्याच असतील तर, शिकलेला न शिकलेल्याला ५७ टक्के वेळाच हरवतो. २०१९ च्या ‘पाथफाइंडर’च्या दुसऱ्या आवृत्तीनं उलटी वाट धरली. तिथे शिकलेल्या कौशल्यात पात्राची पूर्ण पातळी मिळवली जाते आणि न शिकलेल्यात शून्य. शिवाय लक्ष्यापेक्षा दहा जास्त मिळाले तर साध्या यशाऐवजी घवघवीत यश मिळतं, म्हणून मोठा बोनस काम होण्याची शक्यता वाढवतो आणि ते किती चांगलं होईल हेही ठरवतो.

तिसरा उपाय: फासाच टाकू नका

मला सगळ्यात आवडणारा उपाय हा आहे, कारण तज्ज्ञता म्हणजे काय याची व्याख्याच तो बदलतो.

अनुभवी शल्यविशारद किंवा वीस वर्षं पोळ्या लाटणारी आपली आई हिला आपण कुशल का म्हणतो? तिची सर्वोत्तम पोळी नवशिक्याच्या सर्वोत्तम पोळीपेक्षा फार चांगली असते म्हणून नाही. नवशिक्याचीही एखादी पोळी टम्म फुगते. आईची एकही पोळी बिघडत नाही, म्हणून. कौशल्य सरासरी वाढवतं हे खरं, पण त्याहून जास्त ते चढउतार कमी करतं. विशेषतः खालची बाजू छाटून टाकतं. आणि साधा बोनस नेमकं हेच करू शकत नाही. तो सगळा आलेख उचलून पुढे सरकवतो, त्याची रुंदी तशीच ठेवतो.

रुंदीला हात घालणारे नियम वेगळे असतात. तिसऱ्या आवृत्तीत घाई किंवा धोका नसेल तर फासा न टाकता १० पडले असं धरायची मुभा होती. +५ वाल्या पंडिताचे १५ होतात, शिलालेख शंभर टक्के वाचला जातो. योद्धा १० वरच राहतो आणि शंभर टक्के वाचला जात नाही. तेवढाच बोनस, पण फरक पूर्ण. पाचव्या आवृत्तीत ‘पॅसिव्ह’ आकडे आहेत, त्यांचं गणितही हेच: १० अधिक बोनस.

त्याहून देखणा नियम चोराला मिळतो. २०१४ च्या पुस्तकात अकराव्या पातळीला चोराची शिकलेली कौशल्यं ‘भरवशाची’ होतात: दान ९ किंवा कमी पडलं तरी १० धरायचं. सरासरी १०.५ वरून १२.७५ वर जाते, ही वाढ बेताचीच. पण प्रमाण विचलन ५.७७ वरून ३.४२ वर येतं आणि तळाची सगळी दानं नाहीशी होतात. चोराचं मोठं यश पूर्वीइतकंच मोठं आहे, त्याची फजिती मात्र संपली. टेबलावर बसलेल्या प्रत्येकाला हे पहिल्याच संध्याकाळी जाणवतं.

शेवटच्या टोकाला ‘गमशू’ ही रॉबिन लॉज यांची पद्धत आहे. केनेथ हाइट यांचा २००८ सालचा ‘ट्रेल ऑफ क्थुल्हू’ तिच्यावर बेतलेला आहे. तिथे तपासाच्या कौशल्यांसाठी फासाच नाही. तुमच्या पात्राला ते कौशल्य आहे आणि तुम्ही योग्य जागी शोधलंत, तर महत्त्वाचा धागा मिळतोच. ज्याच्याकडे कौशल्य नाही त्याला तसा मिळत नाही. पात्रांमधला फरक इथे शक्यतेत राहत नाही, परवानगीत जातो.

सगळ्यांनी एकदम लपायचं असतं तेव्हा

आतापर्यंत एकाला जमलं तरी पुरत होतं. पण काही कामं उलटी असतात: पहारेकऱ्यांच्या नाकाखालून पाचही जणांनी गुपचूप निघून जायचं आहे. इथे सगळ्यांत वाईट दान निकाल ठरवतं.

लक्ष्य १२ धरू. चोराला +७ आहे, त्याची शक्यता ८० टक्के. बाकी चौघे शून्यावर, प्रत्येकी ४५ टक्के. पाचही जण यशस्वी होण्याची शक्यता ०.८ गुणिले ०.४५ चा चौथा घात: ३ टक्क्यांच्या आसपास. चोरानं आयुष्यभर केलेली साधना इथे वाया जाते. त्याचं कौशल्य शंभर टक्के केलं तरी टोळीची शक्यता ४ टक्क्यांवरच अडते.

पाचव्या आवृत्तीत यासाठी गटाचा नियम आहे: किमान निम्मे यशस्वी झाले तर सगळी टोळी यशस्वी. पाचांपैकी तीन हवेत. आता शक्यता सुमारे ५४ टक्के होते. चोराच्या जागी पाचवा नवखा असता तर ती ४१ असती. चोर बरोबर असल्यानं टोळीला तेरा टक्के मिळाले. तो पुढे जाऊन इतरांना खुणावतो आहे, हे चित्र त्या तेरा टक्क्यांत दिसतं.

मग गोंधळ हवाच कशाला?

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग नॉइज काढूनच टाका. तसं मात्र करू नका. संपूर्ण निश्चित खेळात पात्रं वेगळी असतात, पण गोष्ट उरत नाही. कुठल्या कामाला कुणाला पुढे करायचं हे ठरलं की निकालही ठरला. क्रिकेटचंच पाहा. कसोटी मालिकेत बहुधा चांगला संघ जिंकतो, कारण तिथे हजारो चेंडूंमध्ये योगायोग एकमेकांना खोडून काढतात. वीस षटकांत दुबळ्या संघाला संधी असते, आणि स्टेडियम त्यासाठीच भरतं. आपल्याला दोन्ही हवं असतं. फक्त कुठला सामना चालू आहे हे माहीत हवं.

म्हणून तुमच्या घरी हा खेळ चालत असेल, तर सूत्रधार असलेल्या मुलाला किंवा स्वतःला तीन गोष्टी सांगून पाहा. एकही नियम मोडावा लागत नाही.

एक, ज्ञानाच्या कामाला पाच जणांना पाच दानं देऊ नका. ज्याला कौशल्य आहे त्यानं टाकावं, दुसऱ्यानं मदत करावी. मदतीचा नियम असा, की तज्ज्ञ दोन फासे टाकतो आणि मोठं दान घेतो. आपल्या पंडिताची शक्यता ५५ वरून सुमारे ८० टक्क्यांवर जाते. सर्वांनी टाकून टोळीला ८९ टक्के मिळत होते, म्हणजे टोळीचं थोडं नुकसान झालं. पण आता शिलालेख वाचला गेला तर तो पंडितानंच वाचलेला असतो.

दोन, फासा टाकण्याआधी विचारा: हे पात्र इथे चुकलं तर पटेल का? पटणार नसेल तर टाकू नका, तसंच देऊन टाका. तसंच, हे पात्र यशस्वी झालं तर पटेल का? नसेल तरीही टाकू नका.

तीन, त्याच दानाचे अर्थ वेगवेगळे लावा. पंडिताचं दान ३ पडलं, तर त्याला राजाचं नाव आठवतं पण काळ आठवत नाही. योद्ध्याचं १९ पडलं, तर अशीच खूण त्यानं एका जुन्या ढालीवर पाहिलेली असते. दोन्ही आकडे तसेच राहिले, आणि दोघंही आपापल्या जागी खरी वाटली.

पुढच्या शनिवारी टेबल मांडलं जाईल तेव्हा एक प्रयोग करा. एका कागदावर दोन रकाने आखा आणि तज्ज्ञ पात्राची आणि नवख्याची एकाच कौशल्यातली बेरीज दर वेळी टिपून ठेवा. अकरा-अकरा नोंदी झाल्या की सरासऱ्या काढा. बारा वर्षांच्या मुलाला प्रमाण त्रुटी समजावून सांगायला याहून चांगला विदा मला तरी माहीत नाही, आणि तो गोळा करताना जेवायची वेळ टळली तरी या वेळी ओरडायला तुम्हाला जागा राहणार नाही.